पावसाळ्यातली डॉक्सी

जुलैत मुंबईतले हिंदमाता आणि मिलन सबवे पाण्याखाली गेले की पाठोपाठ महापालिकेचं आवाहन येतं: साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा आणि लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, प्रतिबंधक औषध घ्या. हे औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन. दवाखान्यात, केमिस्टकडे आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव नुसतं ‘डॉक्सी’. जुनी, स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी. त्यामुळे लोकांच्या मनात ती क्रोसिनच्या पंगतीला जाऊन बसली आहे. कुणीतरी मागच्या वर्षी आणलेली घरात उरलेली असते, ती शेजाऱ्याला दिली जाते आणि तो ती रात्री अंथरुणावर टेकता टेकता घोटभर दुधाबरोबर गिळून टाकतो.

एवढ्या एका प्रसंगात चार-पाच चुका भरल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक का चूक आहे हे समजून घेण्यासारखं आहे. ‘दुधाबरोबर नको, भरपूर पाणी प्या, उन्हात फिरू नका’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा आपण मान डोलावतो, कारण प्रत्येक औषधाबरोबर असं काहीतरी सांगितलं जातंच. डॉक्सीची पथ्यं मात्र थेट तिच्या रेणूच्या स्वभावातून आली आहेत. तो स्वभाव कळला की पथ्यं पाठ करावी लागत नाहीत.

ही गोळी टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली, आणि या घराण्याचा मूळ पुरुष सापडला मातीत. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने कमाल केल्यावर औषध कंपन्यांनी ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातले सूक्ष्मजीव तपासायला घेतले. अमेरिकेच्या लेडर्ली कंपनीत हे काम बेंजामिन डग्गर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ करत होते. विद्यापीठातून वयाच्या सत्तरीत निवृत्त होऊन ते इथे आले होते. मिसुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रयोगशेतातल्या मातीत त्यांना सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव मिळाला आणि त्याच्यापासून १९४८ साली ऑरिओमायसिन हे औषध जगासमोर आलं. लेडर्लीच्या संशोधनाचे प्रमुख तेव्हा आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते अमेरिकेतच वारले. पुढे फायझर कंपनीच्या लॉइड कॉनोव्हर यांनी ऑरिओमायसिनच्या रेणूतला क्लोरिन काढून टाकला आणि टेट्रासायक्लिन तयार केली. त्याच कंपनीने या घराण्यावर आणखी काम करून बनवलेली डॉक्सीसायक्लिन १९६७ पासून वापरात आली.

जुन्या टेट्रासायक्लिनचे दिवसातून चार डोस घ्यावे लागत. डॉक्सी पोटातून जवळजवळ पूर्ण शोषली जाते आणि शरीरात बराच वेळ टिकते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण १६ ते २२ तास लागतात. म्हणून ती दिवसातून एकदा किंवा दोनदा घेतली तरी पुरते. शिवाय तिचा मोठा वाटा आतड्यावाटे बाहेर पडतो, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही सहसा डोस कमी करावा लागत नाही.

जिवाणूच्या पेशीत प्रथिनं बनवणारे अतिसूक्ष्म कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. डॉक्सी या रायबोसोमच्या लहान भागाला जाऊन चिकटते आणि प्रथिनांचा कच्चा माल आत येण्याची वाट अडवते. जिवाणू लगेच मरत नाही, पण त्याची वाढ थांबते आणि बाकीचं काम आपली प्रतिकारशक्ती उरकते. विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नसतातच. म्हणून फ्लू, डेंग्यू, सर्दी-पडसं यांवर डॉक्सीचा काडीचा उपयोग नाही. कोविडच्या काळात आपल्याकडे कितीतरी चिठ्ठ्यांवर डॉक्सी लिहिली गेली. ब्रिटनमध्ये घरी उपचार घेणाऱ्या वयस्कर रुग्णांवर तिची रीतसर चाचणी झाली तेव्हा फायदा काही दिसला नाही.

आता तिच्या स्वभावाकडे येऊ. टेट्रासायक्लिन घराण्याला धातूंची भलतीच ओढ. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांपैकी कुणीही भेटलं की हा रेणू त्याला घट्ट मिठी मारतो, आणि त्या जोडीचा असा काही लगदा होतो की तो आतड्यातून रक्तात शिरूच शकत नाही. औषध पोटात गेलेलं असतं, पैसे खर्च झालेले असतात, आणि रक्तात मात्र पुरेसं पोचत नाही.

ही ओढ किती पक्की आहे याचा पुरावा सुदानमध्ये सापडला. तिथल्या प्राचीन न्युबियातली, इसवी सन ३५० ते ५५० या काळातली माणसांची हाडं जॉर्ज आर्मेलागोस यांच्याबरोबर काम करणारे संशोधक तपासत होते. अतिनील प्रकाशाखाली ती हाडं पिवळट हिरवी चमकली. ती चमक टेट्रासायक्लिनची होती. १९८० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना, पण २०१० साली हाडांच्या रासायनिक तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. धान्यात वाढलेल्या सूक्ष्मजीवांपासून ते औषध तिथल्या बिअरमध्ये उतरलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. हाडातल्या कॅल्शियमला एकदा धरलं ते दीड हजार वर्षं सोडलं नाही.

तर दुधाचं पथ्य इथून आलं. अर्थात, जुन्या टेट्रासायक्लिनला दूध जेवढं आडवं यायचं तेवढं ते डॉक्सीला येत नाही. डॉक्सीच्या बाबतीत दूध किंवा जेवण यांनी शोषण साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतं, एवढंच. म्हणून रिकाम्या पोटी मळमळत असेल तर ही गोळी पोळी-भाजी खाऊन घ्यायला हरकत नाही. महापालिकेच्या सूचनांतही जेवणानंतरच घ्यायला सांगतात. दुधाचा पेला, लस्सी, पनीर हे मात्र दोनेक तास मागे-पुढे ठेवलेलं बरं. चहातलं दोन चमचे दूध मनावर घेऊ नका.

खरी अडचण दुधाची नाहीच. ती आहे अँटॅसिडची आणि लोहाच्या गोळ्यांची. अँटिबायोटिकने ॲसिडिटी होते म्हणून अनेकजण लगेच वर डायजीन किंवा जेलुसिल घेतात. त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, म्हणजे डॉक्सीचे दोन आवडते सोबती. कॅल्शियमच्या गोळ्या, मल्टिव्हिटॅमिन आणि जस्ताच्या गोळ्या यांचंही तेच. या सगळ्यांत आणि डॉक्सीत किमान दोन-तीन तासांचं अंतर हवं. लोहाचं प्रकरण आणखी चिवट आहे. रक्तात गेलेल्या डॉक्सीचा काही भाग पित्तावाटे पुन्हा आतड्यात येतो, आणि तिथे लोह असेल तर ते त्याला धरून बाहेर काढतं. म्हणून नुसतं अंतर ठेवूनही लोह थोडं नुकसान करतंच. आपल्याकडे कितीतरी बायका हिमोग्लोबिन कमी म्हणून रोज लोहाची गोळी घेतात, आणि डॉक्सी लिहिताना ती चालू आहे का हे विचारायचं राहून जातं. तेव्हा आपणच सांगावं. बहुतेकदा डॉक्टर डॉक्सीच्या पाच-सात दिवसांपुरती लोहाची गोळी थांबवायला सांगतील, आणि तोच सगळ्यात सोपा मार्ग आहे.

लहान मुलांना ही गोळी देत नाहीत त्यामागेही कॅल्शियमच. आठ वर्षांपर्यंत कायमचे दात हिरड्यांच्या आत घडत असतात. त्या काळात जुनी टेट्रासायक्लिन दिलेल्या मुलांचे दात पिवळे, करडे, कायमचे डागाळलेले आले, तेव्हापासून या घराण्यावर मुलांच्या बाबतीत बंदीच आली. डॉक्सी कॅल्शियमला तिच्या बहिणींइतकी घट्ट धरत नाही. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या एका जीवघेण्या तापासाठी अमेरिकेत लहान मुलांना डॉक्सी दिली गेली होती. पुढे त्यांचे दात तपासले तर डाग आढळले नाहीत. त्यामुळे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आता २१ दिवसांपर्यंतचा कोर्स कोणत्याही वयात चालेल असं म्हटलं आहे, आणि स्क्रब टायफसमध्ये आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही ती देतात. पण तो निर्णय डॉक्टरांचा. साचलेल्या पाण्यात खेळून आलेल्या पोराला घरातली अर्धी डॉक्सी मोडून देणं हा उद्योग कुणी करू नये. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी प्रतिबंधक म्हणून ॲझिथ्रोमायसिन हा वेगळा पर्याय आहे.

आता गिळण्याबद्दल, कारण डॉक्सीचा बराच त्रास इथे होतो आणि तो बहुतेक वेळा टाळता येतो. बाजारात मिळणारी बरीचशी डॉक्सी हायक्लेट या क्षाराच्या रूपात असते, आणि ती पाण्यात विरघळली की चांगलीच आम्लधर्मी होते. गोळी किंवा कॅप्सूल घोटभर पाण्याने घेतली तर ती कधीकधी अन्ननलिकेतच अडकून बसते. कॅप्सूलचं जिलेटिन ओलं झालं की चिकटतं, हे तर सर्वांच्या अनुभवाचं. माणूस आडवा असेल तर खाली जायला गुरुत्वाकर्षणाचाही आधार नाही, आणि झोपेत लाळही कमी गिळली जाते. मग तीच गोळी तिथल्या नाजूक अस्तरावर हळूहळू विरघळते आणि अस्तर भाजून काढते.

प्रकार ठरलेला असतो. रात्री झोपताना गोळी घेतली, पहाटे छातीच्या मधोमध असह्य कळ उठली, थुंकी गिळतानाही जीव जातो. घरचे हार्ट अटॅकच्या धास्तीने दवाखान्यात नेतात, ईसीजी काढला जातो, तो व्यवस्थित येतो, आणि कुणीतरी हुशार डॉक्टर विचारतो, ‘डॉक्सी चालू आहे का?’ दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिकेत स्पष्ट व्रण दिसतो. गोळी बंद केल्यावर तो आठ-दहा दिवसांत बहुधा भरून येतो, पण ते दिवस पेज आणि गार दुधावर काढावे लागतात.

हे टाळायला करायचं काय, तर एक मोठा पेला पाणी घ्यायचं आणि गोळी बसून किंवा उभ्याने गिळायची. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, आडवं व्हायचं नाही. रात्रीचा डोस असेल तर तो झोपताना घेण्याऐवजी जेवण झाल्या झाल्या घ्या. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना चमचाभर पाण्याबरोबर ही गोळी भरवू नका. त्यांना बसवता येत नसेल तर दुसरं औषध किंवा पातळ औषध देता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारा.

उन्हाचं पथ्य जरा विचित्र वाटतं, कारण डॉक्सीचा हंगामच पावसाळा. पण तिच्यामुळे कातडी अतिनील किरणांना जास्त संवेदनशील होते, आणि ते किरण ढगांतूनही येतात. नेहमी न भाजणारा माणूस अर्ध्या तासाच्या उघडिपीत लालबुंद होतो, हातांच्या पाठी आणि नाकाचा शेंडा चुरचुरतो, क्वचित फोड येतात. शेतात दिवसभर वाकून काम करणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर टोपी किंवा पदर ठेवावा. मुरुमांसाठी महिनोन्महिने डॉक्सी घेणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी तर सनस्क्रीनशिवाय बाहेर पडू नये. या मुलांसाठी आणखी एक धोक्याची गोष्ट: मुरुमांवरचंच आयसोट्रेटिनॉइन हे औषध आणि डॉक्सी एकाच वेळी चालत नाहीत. दोन्हींमुळे कवटीच्या आतला दाब वाढू शकतो आणि जोडीने घेतली तर हा धोका आणखी वाढतो. डॉक्सीवर असताना जोराची डोकेदुखी सुरू झाली आणि नजर धूसर झाली किंवा दुहेरी दिसायला लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एवढी पथ्यं असूनही डॉक्टर ती का देतात? कारण काही आजारांत तिच्या तोडीचं स्वस्त औषध नाही. लेप्टो त्यातला एक. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ पसरली. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून या रोगाचे मळसूत्रासारखे वळलेले जिवाणू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून, डोळ्यांतून आपल्या शरीरात शिरतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत चिखलात तासन्‌तास उभं राहून भात लावणाऱ्यांना हा रोग शहरापेक्षा जास्त ओळखीचा आहे.

प्रतिबंधक डोसची कल्पना आली पनामाच्या जंगलातून. १९८२ साली तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी दिली आणि निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी, औषध नसलेली गोळी. दुसऱ्या गटात लेप्टोचे २० रुग्ण निघाले, डॉक्सीच्या गटात एक. पण ते तरणेबांड सैनिक होते, काही आठवड्यांसाठी जंगलात गेलेले. अंदमानात, जिथे लोक वर्षानुवर्षं या जिवाणूच्या सान्निध्यात राहतात, तिथे भारतीय शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग केला. तिथे संसर्ग होण्याचं प्रमाण फारसं घटलं नाही, मात्र प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. म्हणजे ही गोळी कवचकुंडलं नाही. जोखीम मोठी असेल तेव्हा थोड्या काळासाठी घ्यायची ती.

मुंबई महापालिका ही जोखीम साधारणपणे तीन पायऱ्यांत मोजते. पायाला जखम नसताना एकदाच पाण्यातून गेलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम असताना गेलेल्याला तीन दिवस रोज एक. आणि सफाई कामगारांसारखे जे पुन्हा पुन्हा त्या पाण्यात उतरतात, त्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात हे डॉक्टर विचारून ठरवतात, म्हणूनच ‘शेजारच्यांनी एकच घेतली, मग मला तीन का’ हा प्रश्न गैरलागू आहे. केरळात तर २०१८ च्या पुरानंतर ‘डॉक्सी डे’ पाळून घरोघरी ही गोळी पोचवली जाऊ लागली.

दुसरा आजार स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात तो एकदम बातम्यांत आला. गवताळ, झुडपी जागेत असलेल्या अतिसूक्ष्म किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. चावल्याच्या जागी काळी खपली धरते, तीही काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, जिथे कुणी बघत नाही. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड सगळं निगेटिव्ह, ताप मात्र उतरत नाही, आणि माणूस आठवडाभरात गंभीर होतो. नेहमीची महागडी इंजेक्शनं इथे कुचकामी ठरतात, आणि काही रुपयांची डॉक्सी वेळेवर मिळाली तर ताप दोन दिवसांत उतरू लागतो. ग्रामीण भागातले अनुभवी डॉक्टर म्हणूनच अशा तापात रिपोर्टची वाट न बघता ती सुरू करतात. मला विचाराल तर डॉक्सी जपून वापरायची ती या रुग्णांसाठी.

आता चिठ्ठी आणि स्ट्रिप. चिठ्ठीवर ‘१-०-१’ असेल तर सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. बीडी लिहिलं असेल तरी अर्थ तोच, आणि ओडी म्हणजे दिवसातून एकदा. उपचारासाठी प्रौढांना सहसा १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, लेप्टो किंवा स्क्रब टायफसमध्ये साधारण पाच ते सात दिवस. स्ट्रिपवर नावापुढे ‘एलबी’ असं काही असेल तर तिच्यात लॅक्टोबॅसिलस मिसळला आहे. तो असल्याने औषधाचा गुण वाढत नाही. किंमत मात्र वाढते.

स्ट्रिपच्या मागे एक उभी लाल रेघ दिसेल. ही रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं औषध, हे लोकांना कळावं म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीम काढली होती. डॉक्सी औषध कायद्याच्या शेड्यूल एचमध्ये येते, म्हणजे तिला चिठ्ठी लागतेच. प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही सहा गोळ्या मागता, केमिस्ट दहाच्या पट्टीतून कात्रीने सहा कापून कागदी पाकिटात टाकतो. लाल रेघ अर्धी जाते, आणि बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. तेव्हा कापण्याआधी पट्टी हातात मागून घ्या, नाव, मिलिग्रॅम आणि मुदत वाचा, मोबाइलवर तिचा फोटो काढा. बिलही घ्या. यात केमिस्टचा अपमान नाही, आणि तो चांगला असेल तर त्याला रागही येत नाही.

मुदतीची तारीख या घराण्यात विशेष महत्त्वाची. मुदत संपून खराब झालेली जुनी टेट्रासायक्लिन घेतल्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण १९६० च्या दशकात नोंदवले गेले आहेत. त्या वेळच्या गोळ्यांची घडण वेगळी होती हे खरं, पण पावसाळी दमट हवेत न्हाणीघराच्या कपाटात पडलेल्या गोळीवर जुगार कशाला खेळायचा? उरलेल्या गोळ्या जपून ठेवूच नका आणि कुणाला देऊही नका.

उरतातच का, हा पुढचा प्रश्न. ताप उतरला की गोळी बंद करणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य त्यावर उतारा म्हणून आपण लहानपणापासून ऐकत आलो. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संसर्गतज्ज्ञांनी लिहिलं की या वाक्यामागे फारसा पुरावा नाही. बऱ्याच आजारांत छोटे कोर्स तेवढेच गुणकारी असतात, आणि गरजेपेक्षा लांब कोर्समुळेच शरीरातले इतर जिवाणू औषधाला सरावतात. बातम्यांत त्याचा अर्थ ‘बरं वाटलं की बंद करा’ असा लावला गेला, तो साफ चुकीचा. किती दिवस घ्यायची हे आजारावर अवलंबून असतं, आणि क्षयरोगात तर मधेच सोडणं म्हणजे संकट ओढवून घेणं. चिठ्ठी हातात घेतानाच डॉक्टरांना विचारावं, ‘किती दिवस घ्यायची, आणि दोन दिवसांत बरं वाटलं तर काय करू?’ तेवढ्यावर बरंचसं काम भागतं. एखादा डोस विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या जिभेवर हव्यात. गरोदर आहात किंवा तशी शक्यता आहे, बाळ अंगावर पितं, पूर्वी टेट्रासायक्लिन, डॉक्सी किंवा मिनोसायक्लिनने अंगावर पित्त उठलं होतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्सीमुळे त्याचा परिणाम वाढतो आणि रक्तस्रावाचा धोका येतो. फिट्सच्या काही गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, आणि क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, डॉक्सीला शरीरातून लवकर हुसकावतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याच्या शरीरातही ती कमी टिकते. हेही सांगावं, लाजू नये.

किरकोळ मळमळ, सैल शौचाला होणं, बायकांना योनीमार्गात खाज सुटणं हे प्रकार होतात आणि त्यांवर उपाय आहेत. पण अंगभर पुरळ, तोंड किंवा ओठ सुजणं, दम लागणं असं काही झालं तर गोळी बंद करून थेट इस्पितळ गाठायचं. पातळ, रक्तमिश्रित जुलाब आणि पोटात कळा, त्याही कोर्स संपून दोन-तीन आठवडे झाले तरी, अँटिबायोटिकशी संबंधित असू शकतात. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊन ते दडपू नका. लेप्टोच्या उपचारात पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी वाजून ताप उलट वाढतो, असंही कधी घडतं. मरणाऱ्या जिवाणूंतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे ते होतं. डॉक्टरांना कळवावं, पण औषध लागू पडत नाही असं समजून दुसरीकडे पळू नये.

आणि पाण्यातून चालून आल्यावर डॉक्सी घेतली म्हणजे लेप्टो झालाच नाही, असं धरून बसू नका. त्याची लक्षणं दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनासुद्धा. त्या काळात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोणत्या तारखेला, किती वेळ, पायाला जखम असताना की नसताना पाण्यात होतात आणि डॉक्सी केव्हा, किती घेतली, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगा.